लूशस पेटवेचा पाय

ऑर्व्हिल टिब्सचे कान फार तिखट होते. शिकागोच्या आमच्या दक्षिण भागात तसे कान दुसऱ्या कुणाचे नाहीत, असं डेल्फा रेकॉर्ड्समध्ये सगळेच म्हणायचे. तो आमचा रेकॉर्डिंग इंजिनिअर. सैन्यात बिनतारी संदेशाचं काम शिकून आलेला. काळ्या माणसाला त्या मशीनसमोर कोण बसू देत होतं तेव्हा? म्हणून आपल्या हातून चूक होऊ नये याची त्याला सतत धास्ती. खुर्ची करकरली तरी टेप थांबवायचा. मी पुढच्या खोलीत फोन घ्यायचे, रेडिओवाल्यांना तबकड्या पाठवायचे.

त्रेपन्न सालच्या एप्रिलमध्ये लूशस पेटवे आमच्याकडे आला. मिसिसिपीचा माणूस, चाळिशीतला, कत्तलखान्यात मांस वाहायचा. गिटार घेऊन एकटाच ब्लूजची दुखरी गाणी गायचा आणि उजवा पाय असा आपटायचा की सोबत ड्रमवाला लागू नये. मालकानं त्याला मॅक्सवेल रस्त्यावरच्या रविवारच्या बाजारात ऐकलं आणि बोलावून घेतलं. पण रेकॉर्डिंगच्या दुपारी मालक स्वतः गावात नव्हता.

लूशसनं पहिलं कडवं म्हटलं आणि ऑर्व्हिलनं काचेमागून हात वर केला. पायाचा धप्प धप्प आवाज माइकमध्ये शिरत होता. त्यानं बूट काढायला सांगितले. लूशसनं काढले. मोज्यातला पायसुद्धा लाकडी जमिनीवर वाजत राहिला. मग ऑर्व्हिलनं मला पुढच्या खोलीतल्या सोफ्यावरची गादी आणायला लावली. मीच ती आणली, मीच त्या पायाखाली सरकवली. लूशस खाली बघत राहिला.

"भाऊ, पायच ऐकू आला नाही तर मी गाऊ कुणाच्या मागून?"

"लोकांना तुमचा गळा ऐकायचाय, मिस्टर पेटवे," ऑर्व्हिल म्हणाला. "पाय सगळ्यांनाच असतात."

एरवी येणारे वादक पोट धरून हसले असते असा विनोद होता, पण त्या दिवशी खोलीत लूशस एकटाच होता. तो हसला नाही. सांगितलं तसं गायला. चार गाणी, एकही शब्द न चुकता.

तबकडी निघाली ती अगदी नितळ. आणि चाललीच नाही. पत्ते खेळायच्या अड्ड्यांवर, न्हाव्यांच्या दुकानांत ती एकदा लागे आणि उतरवली जाई. माणसं म्हणायची, गातो छान, पण झोपलाय का? मालकानं लूशसला पुन्हा बोलावलं नाही.

ऑर्व्हिलनं तो विषय मनातून काढून टाकला होता. पण सप्टेंबरात तो बायकोसाठी शिवणयंत्र बघायला बाजारात गेला, तर कोपऱ्यावर लूशस गात होता. समोर वीसेक माणसं. बायका पिशव्या खाली ठेवून डोलत होत्या. मध्येच लूशसचं लक्ष ऑर्व्हिलकडे गेलं आणि त्याचा पाय थांबला. गाणं पुढे गेलं, पण बायकांनी पिशव्या उचलल्या. हे त्यानं मला सोमवारी सांगितलं, तेव्हा त्याच्या हातातली कॉफी गार झाली होती. लूशसला पुन्हा बोलवावं म्हणून त्यानं मालकाकडे तीनदा शब्द टाकला. मालक म्हणाला, एकदा बुडालेल्या नावेत मी पुन्हा बसत नाही.

पुढे कंपनीच विकली गेली. एकसष्ट साली ऑर्व्हिलनं स्वतःचं टेप मशीन घेतलं, गाडीत घातलं आणि लूशसचं घर शोधत गेला. एकटं जायचा धीर होईना, म्हणून मलाही नेलं. लूशसच्या बायकोनं, ओडेसानं, आम्हाला पालेभाजी आणि मक्याची पोळी वाढली. जेवण होईपर्यंत कुणी गाण्याचं नाव काढलं नाही.

मग ऑर्व्हिल म्हणाला, "पायासकट घेऊ या. जसं गात होतात तसंच."

"मी ते सोडलं, भाऊ. आता चर्चमध्ये डीकन आहे, सेवेकरी. देवाचीच गाणी म्हणतो."

"माझ्यामुळे सोडलंत का?"

लूशसनं ताटातला पोळीचा शेवटचा तुकडा बोटानं फिरवला. "तुम्ही शिकलेले. मशीन तुमचं. मला वाटलं, माझ्यातच खोट आहे आणि आजवर कुणी तोंडावर सांगितली नव्हती. त्यानंतर पाय उचलला की तुम्ही दिसायचात. पाय अडखळायला लागला. मग गळाही."

"तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो होतो की," लूशस म्हणाला.

त्यात राग नव्हता. राग असता तर ऑर्व्हिलला सोपं गेलं असतं. जाताना लूशसनं घरात आणलेलं ते जड मशीन स्वतः उचलून गाडीपर्यंत आणून दिलं आणि रविवारी चर्चला या म्हणाला.

आम्ही गेलो. सगळी मंडळी टाळ्या वाजवत होती, बाकं हलत होती. लूशस पुढे उभा राहून गात होता, हात बांधून, पाय जुळवून. ऑर्व्हिल अर्ध्यातून उठून बाहेर गेला.

ते मशीन त्यानं नंतर वापरलं नाही. तो टीव्ही दुरुस्त करायला लागला आणि अठ्ठ्याहत्तरमध्ये गेला. त्याच्या मुलीनं मला विचारलं, बाबा घरात कधी गाणी का लावू देत नसत? मी तिला हे सगळं सांगितलं. गादी कुणी आणली होती, तेही सांगितलं.