मतदार नसलेल्या माणसाची पत्रे

प्रिय दत्ता,

तू आणि वडील मला मिरज स्थानकावर पोहोचवायला आलात, तेव्हा वडिलांनी लसीकरणाचे दाखले मेणकापडात गुंडाळून माझ्या हाती दिले. सरकारी दवाखान्यात उभी हयात कंपाउंडर म्हणून काढलेला तो माणूस एवढेच बोलला, "कोणी तोंडी सांगितलं तर ऐकून घे, पण लिहून माग." तू मागून म्हणालास, "दादा, मोटारी बनवायला चाललायस, भांडायला नाही."

इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइममध्ये मी निवृत्तीपर्यंत मोटारी बनवल्या. भांडणाचे आता कळवतो. तिकडून इथे यायला निघालेल्यांनाही हे पत्र दाखव.

खाजगी आरोग्यविमा घेण्याइतका पगार मला होता. बरोबरीचे अभियंते तिकडे गेले. मी मात्र क्रांकेनकासेत, म्हणजे सार्वजनिक विम्यातच राहिलो. संचालक आणि सफाई कामगार एकाच रांगेत बसतील, अशी माझी समजूत होती.

२००५च्या उन्हाळ्यात सुमनला जिना चढताना धाप लागू लागली. हृदयरोगतज्ज्ञांकडे फोन केला. पलीकडच्या बाईंनी काय होते हे विचारलेच नाही, पहिला प्रश्न, "खाजगी की कासे?" तारीख मिळाली डिसेंबरची. मला संशय आला. शेजारच्या जोशींचा विमा खाजगी. त्यांना तिथेच फोन करायला लावला. त्यांना पुढचा गुरुवार मिळाला.

"अहो काका, हे सगळ्यांना ठाऊक आहे," जोशी म्हणाले.

"ठाऊक आहे, मग बोलत का नाही कोणी?"

तेव्हा निवडणूक तोंडावर होती. आमच्या रस्त्यावरच्या एकाही फलकावर या रांगेविषयी अक्षर नव्हते. मी दोन्ही तारखा नमूद करून प्रत्येक उमेदवाराला पत्र पाठवले. दोघांची उत्तरे आली. विषय महत्त्वाचा असल्याचे दोघांनी जवळपास सारख्याच शब्दांत कळवले होते. मसुदा एकाच हाताचा असावा, असे मला अजूनही वाटते.

शनिवारच्या बाजारात एक उमेदवार फुगे आणि पेन वाटत होता. मी पत्राची प्रत त्याच्यापुढे ठेवली. "जा, जा," म्हणजे इथले "हो, हो," करत त्याने अर्धे वाचले आणि अदबीने विचारले, "आपण इथले मतदार आहात?" माझा पासपोर्ट भारतीय. नाही म्हणालो. त्याने प्रत परत केली, वर एक पेन दिले आणि माझ्या मागच्या बाईंकडे वळला.

सुमन बाकावर दम घेत बसली होती. "काय म्हणाला?"

"पेन दिलं."

"घ्या. आता तुम्हाला कोण आवरणार?"

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः शब्द टाकला आणि सुमनची तपासणी सप्टेंबरात झाली. झडप खराब निघाली. शस्त्रक्रिया झाली, आता ती तीन मजले चढते. डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही, पण उपकार का घ्यावे लागले, हेही विसरणार नाही. ज्यांच्यासाठी शब्द टाकायला कोणी नव्हते, त्यांनी डिसेंबर गाठला की नाही, हे मला कोणी लिहून कळवलेले नाही.

दत्ता, मी इथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरला, त्याच पेनाने. भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल. सुमन अर्ज करणार नाही. "एकाने तरी तिकडचं राहू दे," म्हणते. तुझ्या दारात मी आलो, तर मला कोणी काही विचारणार नाही. ते घर आहेच. परंतु सुमनला जिथे धाप लागली, तिथे उत्तर मागण्याचा हक्क नसेल, तर इतक्या वर्षांनंतरही मी इथे पाहुणाच आहे.

कचेरीतले गृहस्थ हसून म्हणाले, "काळजी करू नका, होईल."

मी त्यांचे ऐकून घेतले आणि पोच लिहून मागितली. ती मेणकापडात आहे.

तुझा,
दादा