बेअर क्रीक, मुक्कामी शून्य

व्हर्ना हचिन्सचं माणसांशी काही वैर नव्हतं. फक्त त्यांनी बेअर क्रीकला येऊ नये, एवढीच तिची माफक अपेक्षा होती. आता बेअर क्रीक म्हणजे सरकारी कॅम्प. डोंगरात तेवीस मैल आत, कच्चा रस्ता संपतो तिथं पाइनच्या जंगलात आठ जागा, आठ टेबलं, शेकोटीची आठ लोखंडी कडी, एक हातपंप आणि एक संडास. हे सगळं बांधलंच मुळी माणसांनी येऊन तंबू ठोकावेत म्हणून. पण या बारीकशा तपशिलाकडे व्हर्ना गेली अकरा वर्षं मोठ्या मनानं काणाडोळा करत आली होती.

ती तिथली होस्ट, म्हणजे कॅम्पची राखणदार होती. जून ते सप्टेंबर तिचा ट्रेलर या आठ सोडून फाटकाजवळच्या वेगळ्या जागेत उभा असायचा. पगार नाही. त्याबदल्यात राहायला जागा फुकट आणि संडास धुण्याचा मान. त्याआधी एकोणतीस वर्षं तिनं डॉब्सन गावात शाळेची बस चालवली होती, त्यामुळं मान न वळवता "नववी सीट, पाय खाली" असं सांगण्याची सिद्धी तिला प्राप्त झालेली होती. जंगलात ती वाया जाऊ नये याची ती काळजी घ्यायची.

आणि काळजी घेण्यासारखी माणसं काय कमी येतात? घरी सोफ्यावरून न उठणारा माणूस जंगलात आला की त्याला पहिली कुऱ्हाड सुचते. शांतता पाहिजे म्हणून दोनशे मैल गाडी हाणत येतात आणि आल्या आल्या जनरेटर सुरू करतात. "इथं अस्वलं आहेत का हो?" म्हणून लहान तोंड करून विचारतात आणि रात्रभर बेकन टेबलावर उघडं ठेवतात, बहुधा अस्वलांची गैरसोय नको म्हणून. व्हर्ना सकाळ-संध्याकाळ आठही जागांवर फेरी मारायची आणि प्रत्येकाची हजेरी घ्यायची. चार जुलैच्या सुट्टीत तर तिचा आवाज ओढ्यापलीकडे ऐकू जायचा.

सप्टेंबर संपला की मात्र तिचं तोंड उतरायचं. नवरा गेल्यावर तिनं घर विकलं होतं. हिवाळा काढायचा तो बॉइसीला, मुलीच्या, कार्लाच्या तळघरात. तिथं कपडे वाळवायचं यंत्र तिच्या उशाशी घरघरायचं. कार्ला गुणाची पोर. दर वर्षी म्हणायची, "आई, आता बस झालं ते जंगल. बारा महिने इथंच राहा की." व्हर्ना हसून विषय बदलायची आणि मनात जूनला किती दिवस राहिले ते मोजायची. बेअर क्रीक नसेल तर तळघर, एवढं तिला स्वच्छ ठाऊक होतं.

तर त्या वर्षी जून उजाडला आणि कुणी आलंच नाही. पहिला शनिवार गेला, व्हर्नाला वाटलं, अजून बर्फ असेल म्हणून लोक येत नसतील. दुसरा गेला. रोज सकाळी ती रेडिओवर ऑफिसला ठरलेलं वाक्य सांगायची, "बेअर क्रीक, सगळं ठीक, मुक्कामी शून्य," आणि पलीकडून कुणीतरी जांभई देत "बरं" म्हणायचं.

मग एका दुपारी डेल ऑस्ट्रँडर आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, दर जूनला दिवसभर मासे धरून संध्याकाळी घरी परतणारा.

"अगं, तू जिवंत आहेस की!" तो गाडीतून उतरता उतरता म्हणाला.

"का? डॉब्सनला माझ्या मयतीच्या फुलांची वर्गणी सुरू झाली का?"

"सून म्हणाली बेअर क्रीक बंद आहे. तिच्या फोनवर लिहिलंय. पूल वाहून गेलाय म्हणे."

"मग तू कसा आलास? उडत?"

"पुलावरूनच आलो. म्हटलं, वाहून गेल्याच्या मानानं बराच मजबूत आहे."

काय झालं असेल ते व्हर्नाच्या लगेच ध्यानात आलं. इथल्या ओढ्यांना ज्यांनी नावं दिली, त्यांची कल्पनाशक्ती खेचरावरून उतरतानाच संपलेली असावी. अस्वल दिसलं की ओढ्याला बेअर क्रीक म्हणायचं. अस्वलं पुष्कळ, त्यामुळं एकट्या डॉब्सनच्या हद्दीत बेअर क्रीक तीन आहेत. पूल गेला होता उत्तरेकडच्या बेअर क्रीकचा, आणि ऑफिसनं इंटरनेटवर 'बंद' अशी सूचना लावली होती हिच्या नावावर.

"कर रेडिओ, सांग त्यांना," डेल म्हणाला.

व्हर्नानं रेडिओकडं पाहिलं. मग रिकाम्या आठ टेबलांकडं पाहिलं. ओढ्याच्या आवाजाखेरीज कशाचाही आवाज नव्हता.

"करते की. घाई काय आहे? आणि डेल, तू गावात बोलू नकोस."

"मला काय पडलंय? मासे मला एकट्याला." बायकोलासुद्धा मासे कुठं लागतात ते चाळीस वर्षं न सांगितलेला माणूस तो.

डेल गेल्यानंतरचा पहिला आठवडा व्हर्ना नुसती तरंगत होती. खुर्ची ओढ्यात ठेवून पाय पाण्यात सोडून बसली. दुपारी पॅनकेक खाल्ले. संडास एकदा धुतला तो धुतलेलाच राहिला, आणि अकरा वर्षांत असा चमत्कार तिनं पाहिला नव्हता. रेडिओवर "मुक्कामी शून्य" सांगताना तिचा आवाज लाडात यायला लागला.

दुसऱ्या आठवड्यात तिनं धुतलेला संडास पुन्हा धुतला. सवयीनं. तिसऱ्या आठवड्यात ती सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या मारतच होती आणि पाच नंबरच्या जागेवर थांबून टेबलाखाली वाकून बघत होती, कुणी काही टाकलंय का. टाकलं नव्हतं. तिला चक्क राग आला. एका खारीनं तिच्या पायरीवर पाइनच्या शंकूची सालं टाकली तेव्हा व्हर्नानं तिला पाऊण तास फैलावर घेतलं, आणि खार निघून गेल्यावर तिला चुकल्यासारखं वाटलं. आपलं जंगलावर प्रेम आहे, असं ती अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. जंगल तर समोरच होतं, आणि तिला करमत नव्हतं. पण आता ऑफिसला सांगायचं कुठल्या तोंडानं? "अहो, महिनाभर माझ्या लक्षातच आलं नाही"? ती मूग गिळून बसली.

हंगामाचे पाच आठवडे भरले, त्या बुधवारी ग्वेन लव्हेट आली. ही डॉब्सनच्या वनकार्यालयाची मुख्य. हातात मोजपट्टी आणि एक यादी होती. तिनं सरळ टेबलं मोजायला घेतली.

"काय चाललंय?" व्हर्नानं विचारलं.

"वाईट बातमी आहे, व्हर्ना. कमी वापराचे कॅम्प काढून टाकायचेत. टेबलं खाली न्यायची, संडास बुजवायचा, फाटकाला कायमचं कुलूप लावायचं. तुमच्याकडं पाच आठवडे शून्य आहे. आख्ख्या यादीत असं शून्य कुणाचंच नाही."

व्हर्ना मोजपट्टीच्या आड आली. "अहो, पण ती सूचना! पूल दुसऱ्या बेअर क्रीकचा गेलाय. तुम्ही बंद मला केलंत!"

ग्वेननं गाडीच्या रेडिओवरून ऑफिसला विचारलं, बराच वेळ ऐकून घेतलं आणि कानापर्यंत लाल झाली. "खरंच की. आमचीच चूक. आणि इथं फोन लागत नाही, तुम्हाला बिचारीला वेळेवर कळणार कसं? कुणी सांगितलं असेल तेही आत्ताच."

बिचारी गप्प राहिली.

"सूचना आज काढते," ग्वेन म्हणाली. "पण यादी सोमवारी वर जाते. शनिवारी दुपारी मी स्वतः येईन. आठातल्या चार जागा भरलेल्या दिसू देत, मी नाव खोडते."

दोन दिवसांत चार जागा! सूचना काढली म्हणून लोक काही लगेच गाड्या काढत नाहीत. शुक्रवारी व्हर्ना तेवीस मैल खाली उतरली आणि नाक मुठीत धरून जनावरांच्या खाद्याच्या दुकानात शिरली. गल्ल्यावर टॅमरा प्रुइट होती. एके काळची नववी सीट. आता चाळिशी उलटलेली, पण व्हर्नाला बघताच तिनं तोंडातलं च्युइंगम काढून कागदात गुंडाळलं.

"मिसेस हचिन्स! मी काही केलेलं नाही."

"माहितीय. टॅमरा, उद्या सगळे कॅम्पला या."

"कुठल्या?"

"माझ्या."

टॅमरानं तिच्याकडं नीट बघून घेतलं. "मागल्या वर्षी आम्हाला हाकलताना काय म्हणाला होतात, आठवतं? या जंगलात तुमच्यापेक्षा अस्वलं शिस्तीत वागतात."

"ते मी अस्वलांचं कौतुक केलं होतं."

"जनरेटर आणू?"

"आणा."

"कुत्री आता तीन झालीत. आणि बांधून ठेवलेली मला बघवत नाहीत."

व्हर्नानं डोळे मिटले. "नका बांधू."

"नवरा गातो माझा, डॅरिल. गिटार पण घेतलीय त्यानं नवी."

"येते का वाजवायला?"

"नाही."

"गाऊ दे," व्हर्ना म्हणाली.

टॅमरा गल्ल्यामागून बाहेर आली. "तुम्हाला बरं नाहीये का?"

मग व्हर्नाचा बांध फुटला. "कॅम्प बंद करतायत गं. चार जागा भरल्या नाहीत तर संपलं. मला दुसरीकडं कुठं राहताच येत नाही, टॅमरा."

टॅमरानं फोन उचलला. "चार? अहो, डॅरिलच्या आईकडच्याच माणसांना चार पुरत नाहीत. शिवाय त्याची बोलिंगची टीम आहे."

शनिवारी दुपारपर्यंत आठही जागा भरल्या. आठवीत डेल होता. जन्मात पहिल्यांदा मुक्कामाला आला होता, आणि मासे पळाले म्हणून शिव्या घालत होता. दोन पाइनच्या मध्ये दोरी बांधून त्यावर डॅरिलच्या मावशीचे कपडे वाळत होते. कुत्री ओढ्यात, पोरं कुत्र्यांवर. जनरेटर धडधडत होता, आणि त्यावर ताण करून डॅरिल प्रेमभंगाचं काहीतरी गात होता. व्हर्ना या सगळ्यातून फेरी मारत होती, ओठ घट्ट मिटून. दर दहा पावलांवर तोंडाशी आलेलं वाक्य गिळत होती. आणि तरी, कुणाला सांगायची सोय नव्हती, पण पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं.

ग्वेन आली. तिनं जागा मोजल्या, कपड्यांच्या दोरीखालून वाकून गेली, कुत्र्यांकडं मुद्दाम पाठ केली आणि यादीतलं नाव खोडलं. जंगलात एकच जल्लोष झाला. सायबीणबाई काहीतरी बोलणार म्हणून टॅमरानं अदबीनं जनरेटर बंद केला. त्या शनिवारी तो तेवढा एकदाच बंद झाला.

"एक सही राहिली," ग्वेन म्हणाली. "शून्याचं कारण लिहायचंय. ऑफिसची चूक, होस्टला कल्पना नव्हती. इथं करा."

व्हर्नानं पेन घेतलं. आठव्या जागेवर डेल एकाएकी आपल्या गळाचं फार बारकाईनं निरीक्षण करायला लागला. एखादी शहाणी बाई इथं सही करून मोकळी झाली असती, आणि पुढची दहा वर्षं लोकांवर ओरडत सुखानं जगली असती. पण व्हर्नानं आयुष्यभर दुसऱ्यांना "खरं सांग, कुणी केलं?" असं विचारलं होतं. या विचारण्याची एक वाईट खोड असते, ती आपल्यालाही लागते.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमची चूक. तिसऱ्या आठवड्यापासून. डेलनं सांगितलं होतं."

"मग रोज रेडिओवर बोलत होतात की! सांगितलं का नाहीत?"

"कारण मजा वाटत होती. मला वाटलं, मला कुणीच नको आहे." तिनं पेन परत दिलं. "तसं नव्हतं ते. मला ही सगळी हवी असतात. फार उशिरा कळलं मला."

ग्वेननं सुस्कारा टाकला. "मी ऐकलंच नाही असं म्हटलं असतं, व्हर्ना. पण जनरेटर बंद आहे. तीस जणांनी ऐकलंय."

मग जे व्हायचं ते झालं. कॅम्प राहिला, होस्ट गेली. नवा माणूस मिळेपर्यंत फाटकाजवळची जागा रिकामी ठेवायची, ट्रेलर आजच हलवायचा. ग्वेन वाईट वाटून म्हणाली, "साधी मुक्कामी म्हणून राहा ना. ते तुम्हाला कोण अडवणार? जी जागा मोकळी असेल ती घ्या."

व्हर्नानं सवयीनं आठही जागांवर नजर फिरवली. एकही मोकळी नव्हती. तिनंच सगळ्या भरून ठेवल्या होत्या.

ग्वेनची गाडी गेली. व्हर्ना ट्रेलरखालची लाकडी ठोकळी काढायला वाकली. बॉइसी पाच तासांवर होती. कार्ला काहीच बोलणार नाही, नुसतं तळघराचा दिवा लावून ठेवेल, हे तिला इथूनच दिसत होतं. डोळे भरून आले, आणि ठोकळी काही निघेना.

"जाताय कुठं?" मागून टॅमरा म्हणाली. "आमच्या जागेत लावा ट्रेलर."

व्हर्नानं नाक पुसलं. "नाही चालत. एका जागेत दोनच गाड्या. तुमच्या दोन आहेत."

"तीन आहेत. एक झुडपामागं लपवलीय, तुम्हाला दिसू नये म्हणून."

"म्हणजे माझी चौथी!"

"होऊ दे चौथी. तक्रार कुणाकडं करणार आहात? होस्टच नाही इथं."

टॅमरानं एका लाथेत ठोकळी उडवली. मग व्हर्ना गाडीत बसली आणि जनरेटर आणि मावशीच्या कपड्यांच्या मधल्या सांदीत ट्रेलर मागे घ्यायला लागली. टॅमरा मागं उभी राहून हात हलवत जोरजोरात ओरडत होती, "डावीकडं घ्या, मिसेस हचिन्स, आणखी डावीकडं," आणि व्हर्ना मुकाट्यानं घेत होती.