बाबांचा जिलाँगचा दोस्त

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. भांडुपला राहणाऱ्या माझ्या बाबांचा ऑस्ट्रेलियात एक दोस्त आहे, आणि तो लाकडाचा आहे.

चार वर्षांपूर्वी ऑफिसने मला दीड महिना जिलाँगला धाडलं. मेलबर्नहून गाडीने तासाभरावरचं बंदराचं शहर. आधी लोकरीच्या गिरण्या होत्या, मग मोटारींचा कारखाना, मग तोही बंद. हे मी बाबांना फोनवर सहज सांगून बसलो. बाबांची हयात परळच्या कापडगिरणीत गेलेली. संपानंतर ती गिरणी बंद पडली ती पडलीच. त्यांनी एकच काम सांगितलं. "थंय एखादो जुनो गिरणीवालो गावलो तर इचार, गिरण बंद पडल्यार तुमी केल्यात काय?"

काम सोपं होतं. तिथली माणसं गप्पिष्ट. कडाक्याच्या थंडीत हाफ चड्डीवर हिंडतात आणि हवेबद्दल दोन वाक्यं ऐकवल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. किनाऱ्यावरच्या बाकावर एक म्हातारा रोज बसायचा. मला बघून हसायचा. मीही हसायचो आणि सटकायचो. अनोळखी माणसाशी आपणहून बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. दीड महिना हेच केलं.

त्या बाकाशेजारी जुन्या धक्क्याचे खांब माणसांसारखे कोरून रंगवलेत. खलाशी, पोहणाऱ्या बायका, बँडवाले. परत आलो, तर बाबांनी दारातच विचारलं, "गावलो?" तोंडातून "हो" निघून गेलं. मग काय! एका खांबाच्या मिशा घेतल्या, त्याचाच निळा कोट घेतला आणि गिरणीवाला उभा केला. गिरणी बंद पडल्यावर काय केलं? "मासे तळायचं दुकान टाकलं," मी ठोकून दिलं.

बाबा जाम खूश. त्यांनाही तेव्हा भज्यांची गाडी टाकायची होती, आईने टाकू दिली नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी मी मुलुंडहून भांडुपला जातो आणि जेवणानंतर मोबाइलवरून दोस्ताचे मेसेज 'वाचून' दाखवतो. एकदा बाबा साशंक झाले. "काय रे, हो मालकाक कधी गाळी घालणा नाय? असो कसो गिरणीतलो माणूस?"

पुढच्याच रविवारी दोस्ताने मालकाच्या सात पिढ्या काढल्या. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले. म्हणाले, "आता कसो बोललो!"

दोस्ताला कुरियरने पाठव म्हणून बाबांनी दोनदा आमसुलं दिली. त्यांची आम्ही सोलकढी प्यायलो.

"कुठची रे ही आमसुलं?" बायकोने विचारलं.

"ऑफिसात वाटली."

"ऑफिसात? आमसुलं?"

मी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

आता मुलगी शिकायला मेलबर्नला निघाली आहे. शनिवारी विमान. काल बाबांनी आमसुलांची पुडी तिच्याच हातात ठेवली. "जिलाँगाक जावन तेच्या हातात दी. आणि दोघांचो फोटो धाड."

"नक्की, आजोबा. पप्पा, पत्ता दे ना."

"किनाऱ्यावर, बाकाशेजारी," मी म्हणालो. "कधीही जा, तिथेच असतो."

पत्ता खरा आहे. आणि बाबा कालपासून फोटोची वाट बघू लागलेत.

त्यांचा प्रश्न मी तिथे कुणालाही विचारला नाही. शनिवारच्या आत हे त्यांना सांगायचं, एवढं मी त्यांचं देणं लागतो.