शेजाऱ्याचं न खाणारं पिल्लू

बायको गेली आणि लेकीनं मला आयर्लंडमधल्या लेटरकेनीला उचलून आणलं. ती तिथल्या इस्पितळात डॉक्टर. मी चौथी शिकलेला, जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. तिथं गाडीशिवाय कुठं जाता येत नाही, आणि माझ्या हातात गाडी कोण देणार? दोन हजार सोळाचा उन्हाळा. नुसतं नावाला ऊन. दिवसभर खिडकीत बसायचो आणि समोर शेजारचा म्हातारा दिसायचा.

त्याचीही बायको आदल्या हिवाळ्यातच गेलेली. लेकीला वाटलं, दोघं बिनबायकोचे एकमेकांना सोबत होतील. कसली सोबत! पहिल्या भेटीपासून मी त्याच्यावर जळायला लागलो.

त्याच्या बायकोनं मागं साप ठेवले होते. आपल्या धामणीसारखे, बिनविषारी, केशरी ठिपक्यांचे. त्या देशात रानात साप सापडत नाही म्हणे, आणि ही बाई घरात काचेच्या पेटीत पाळायची. ती गेल्यावर मादीनं अंडी घातली. म्हाताऱ्यानं ती उबेच्या डब्यात जपली आणि पिल्लं निघाली, पेन्सिलीएवढी. लेक सापाला भिते. ती दारातूनच म्हणाली, "अप्पा, तो म्हणतोय, ही तिच्या सापांची शेवटची वीण."

माझ्या बायकोनं मागं काय ठेवलं? लोणच्याची बरणी. तीही विमानात नेऊ दिली नाही.

पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं खात नाहीत. त्यानंतर म्हातारा फ्रीजमधून उंदराची गोठवलेली गुलाबी पिल्लं काढायचा, कोमट पाण्यात सोडायचा आणि चिमट्यानं पुढं धरायचा. बाकीच्यांनी गिळली. एक खाईना. सगळ्यात बारकं. उंदीर दिसला की ते मागं सरायचं आणि डोकं वेटोळ्यात घालायचं.

म्हाताऱ्यानं काय काय नाही केलं. उंदीर धुऊन दिला. डब्यात कागद घालून अंधार केला. दुकानातून पाळलेल्या पालीची कात आणून उंदराला चोळली. आमच्याकडं पाल पडली तर भांडंभर कालवण ओतून देतात, इथं चवीला पाल! मी हसलो. तोही हसला आणि म्हणाला, "ग्रँड, ग्रँड." त्याच्या तोंडात सगळ्याला ग्रँडच.

रोज सकाळी मी तिथं जाऊन बसायचो. लेक म्हणायची, "बरं झालं, तुमचं मन रमतंय."

"मन कसलं रमतंय डोंबल. सापाचं बाळंतपण करतोय तो, ते बघायला जातो."

"हळू बोला, अप्पा. ऐकू जाईल त्याला."

"जाऊ दे. कळतंय काय त्याला!"

खरं सांगायचं तर मला बघवत नव्हतं. त्याला बायकोच्या वाटणीचं कुणीतरी भरवायला उरलं होतं. आणि माझी बायको? शेवटच्या दिवसांत दवाखान्यात मी पेजेची वाटी घेऊन बसलो की ती तोंड मिटायची. लेक सुट्टी काढून आली, तिच्या हातून गुमान घ्यायची. चाळीस वर्षं संसार माझ्याशी केला आणि घास लेकीच्या हातचा. ते मला तेव्हाही सहन झालं नाही, आताही होत नाही.

म्हणून त्या बारक्यानं माझ्या हातून खावं असं मला वाटायला लागलं. म्हाताऱ्याच्या हातून नव्हे, माझ्या. एकदा मी चिमटा मागून घेतला. पिल्लाच्या तोंडापुढं उंदीर नेला, हलवला, टेकवला. ते पळालं. मग मी म्हाताऱ्याला खुणेनं दाखवलं, धर मुंडी आणि कोंब. म्हातारा पहिल्यांदाच चिडला. डब्यावर झाकण टाकून काहीतरी तडतड बोलला.

संध्याकाळी लेकीनं विचारून घेतलं. "जबरदस्ती केली तर मरेल म्हणतोय. आणि नाही खाल्लं तरी फार दिवस काढणार नाही."

बारकं वाळत चाललं. पाठीचा कणा वर दिसायला लागला. म्हातारा दाढी करायचा विसरला. मला त्याची कीव यायला हवी होती. मी मात्र मनात म्हणत होतो, याच्याही हातून खात नाही ना? मग ठीक.

त्या दिवशी लेक ड्यूटीवरून परस्पर मला न्यायला आली. म्हातारा बाकीच्यांच्या उंदरांसाठी पाणी गरम करायला आत जाणार होता, त्यानं उंदीर धरलेला चिमटा तिच्या हातात दिला. ती "नको, नको" म्हणेपर्यंत तो गेलासुद्धा. तेवढ्यात तिचा फोन वाजला. इस्पितळाचा. एका हातानं फोन कानाला, दुसऱ्या हातातला चिमटा डब्यात तसाच, लोंबत. ती कुणाच्या तरी तापाबद्दल, औषधाबद्दल बोलत होती, तोंड भिंतीकडं. सापाकडं तिचं लक्षच नव्हतं.

बारक्यानं डोकं बाहेर काढलं. जीभ काढून वास घेतला. आणि झडप.

हिसका बसला तशी लेक किंचाळली. चिमटा पडला. मी डोळे फाडून बघत राहिलो. उंदीर हळूहळू आत चालला होता.

आणि मला एकदम दिसलं, ही आईलाही अशीच भरवायची. फोनवर बोलत, मध्येच नर्सला काही सांगत, चमचा नुसता पुढं धरून. मी बसायचो तोंडाकडं टक लावून, प्रत्येक घोट मोजत. माझ्यापुढं तिला तोंड उघडायची लाज वाटत असेल, का धाक, कुणास ठाऊक. आता विचारायचं कुणाला.

म्हातारा धावत आला. डब्यात बघितलं आणि रडायलाच लागला. लेकीचे दोन्ही हात धरले, ग्रँड-ग्रँड केलं. पण रडता रडता त्यानं तिच्याकडं जे बघितलं, ती नजर मी ओळखली. महिनाभर राबला तो, आणि खाल्लं हिच्या हातून.

लेक माझ्याकडं वळली. "अप्पा, खाल्लं हो त्यानं! बघितलंत ना?"

बघितलं. शाबास म्हणायला हवं होतं.

"बघितलं," मी म्हटलं. "हात धू जा आधी."