मामाची तेवीस गिऱ्हाईकं

मी रोह्याच्या एका कंपनीत सी भाषेत प्रोग्रॅम लिहिते. हे सांगितलं की लोक हमखास विचारतात, "अजून सी?" व्हय, अजून सी! आमच्या लॅबमधली यंत्रं म्हातारी आहेत, त्यांना दुसरी भाषा कळत नाही, आणि मलाही तिच्याशिवाय करमत नाही. आषाढात पेणहून मामीचा फोन आला. "गो, मामाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर रंगाला हात लावायचा नाय म्हणे. आमची गिऱ्हाईकं तुझ्या त्या कॉम्प्युटरात घालून दे."

मामाचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, चार कारागीर आणि मामा. लोक आपापला पाट आणून ठेवतात, त्यावर खडूने नाव लिहितात आणि निघून जातात. मूर्ती केवढी, पीतांबर कुठल्या रंगाचं, शेला कसा, सगळं मामाच्या डोक्यात. एका घरचा गणपती दुसऱ्या घरी गेला असं आजवर एकदाही झालेलं नाही, आणि त्याचा त्याला कोण तोरा! आता तो खाटेवर, आणि कारागीर विचारतायत, कुणाचा कसा रंगवू? एक जरी घोटाळा झाला असता तरी मामाने जन्मभर मान वर केली नसती.

दोन रविवार खपून मी प्रोग्रॅम लिहिला. सीमधून डेटाबेसला काही विचारायचं तर सगळा सोपस्कार आपणच करायचा. आधी प्रश्न लिहायचा, त्यात नावापुरती जागा कोरी ठेवायची, मग ती भरायची, मग उत्तराची एकेक ओळ मागून घ्यायची. डेटाबेस वाढप्यासारखा पानासमोर उभा असतो, पण मागाल तेवढंच वाढतो. लॅपटॉप मी पेणला ठेवून आले, आणि मामीने मामाला विचारत विचारत, एका बोटाने, आठवडाभरात सगळी गिऱ्हाईकं भरली.

पुढच्या रविवारी मी परत पेणला गेले. वडखळच्या नाक्यावर एसटीने अर्धा तास खाल्ला, तेव्हा डोकं आधीच गरम होतं. ऐटीत लॅपटॉप उघडला, एका गिऱ्हाइकाचं नाव टाकलं. उत्तर आलं, 'नेहमीचा'.

"मामी, हे काय?"

"मामा म्हणाला नेहमीचा, मी घातला नेहमीचा."

"अगं, कारागिराने काय समजायचं? असे किती घातलेस?"

"असेल एखाददुसरा."

मी डेटाबेसलाच विचारलं, नेहमीचा कोणकोण? एकच नाव आलं. "बघ!" मामी म्हणाली. "उगाच वसकन अंगावर येतेस." पण माझ्या मनात काहीतरी टोचत होतं, म्हणून लिहिलेलं पुन्हा वाचलं. अरे देवा! एक ओळ मागून मी थांबले होते. संपेपर्यंत मागत राहा असं सांगायला व्हाइल लागतं, तिथे मी एकदाच मागणारं इफ लिहून मोकळी. बारा वर्षं नोकरी करून ही अक्कल! दुरुस्त केलं, पुन्हा चालवलं, आणि नावं सुटली ती थांबेचनात. तेवीस.

लॅपटॉप घेऊन मी तडक मामाच्या खाटेशी गेले. "मामा, आळस पुरे झाला. एकेक नीट सांग. वडखळचे गुरुजी?"

"नेहमीचा."

"म्हणजे कसा?"

"म्हणजे नेहमीचा! किती वर्षं देतोय त्यांना!" त्याचा आवाज चढला. दुसऱ्या नावाला तो म्हणाला, "सालाबादप्रमाणे." तिसऱ्याला काहीच बोलला नाही.

"झोपलास काय मामा?" मी हसून विचारलं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मागून मामीने माझा खांदा घट्ट धरला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाकीच्या दीडशे जणांचं त्याने शेल्याच्या काठापर्यंत सांगितलं होतं. या तेविसांचं त्याला आठवतच नव्हतं. आणि मी शहाणी, त्याचं विसरलेलं तेवढं नेमकं वेचून त्यालाच वाचून दाखवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्वयंपाकघरात मामी हळू आवाजात म्हणाली, "दोन वर्षं चाललंय. डोळ्याचं आता निमित्त मिळालं. ती नावं मला दे. मागल्या सालचे फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतात, मी मागवून घेते. त्याला कळू देऊ नको." मी तिला यादी लिहून द्यायला बसले. बावीस झाली. तेविसावं घर रोह्याजवळच्या वरशाचं होतं, आमचं. माझ्या आईचं, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीचं.

मी परत खाटेशी गेले. "मामा, आमचा दीड फुटीच ना? केशरी पीतांबर, हिरवा शेला, आणि उंदीर मान वर केलेला?"

मामा उठूनच बसला. काळ्या चष्म्याखालचा चेहरा खुलला. "मग! तुझ्या आईला तसाच लागतो. विसरीन काय मी?"

"तू कसा विसरशील," मी म्हटलं. मला रडू फुटत होतं.

"नुसती बघत काय बसलीस? लिहून घे," तो म्हणाला, "नायतर हे कारागीर घोळ घालतील."

मी खाली मान घालून लिहून घेतलं.