पाखरी अडून बसली

किन्हीराजा गावच्या गोजराबाईला चालणं आवडायचं, असं कोणी म्हटलं असतं तर तिनं त्याच्या अंगावर चुलीतलं लाकूडच भिरकावलं असतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, आज या शिवारात, उद्या त्या शिवारात बिऱ्हाड टाकायचं, आणि जेठात घरी परतायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. नवरा देवमन मेंढरांसोबत पुढं जायचा. मागून बिऱ्हाड आणायची ती गोजराबाई. खाट, गोधड्या, मेंढरं कोंडायची जाळी, भांडी आणि दूधपिती कोकरं, सगळं पाखरीच्या पाठीवर.

पाखरी म्हणजे त्यांची घोडी. आता म्हातारी झालेली. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, उठताना मागचे पाय थरथरायचे. ओझं अर्धं करून उरलेलं गोजराबाई स्वतःच्या डोक्यावर घ्यायची. मालेगावात पिकअप चालवणारा तिचा मुलगा पवन दरवर्षी म्हणायचा, "माय, इकून टाक ते. मी गाडी लावून देतो." गिऱ्हाईक एकदा आलंही होतं, पण घोडी कुठं नेणार म्हणून विचारल्यावर ते नीट बोलेना. गोजराबाईनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

यंदा माघात ते आसेगावच्या बाजूला निघाले होते. मधे मोठा महामार्ग आडवा आलेला. दोन्ही अंगांना भिंत. पलीकडं जायचं तर रस्त्याखालच्या बोगद्यातून. देवमन सकाळीच मेंढरं घेऊन पार झाला होता. गोजराबाई पोचली तोवर आदल्या दिवशीच्या अवकाळीचं पाणी वरच्या शिवारातून उतरून बोगद्यात गुडघाभर साचलेलं, आणि डोक्यावरून ट्रकचा धडधडाट. पाखरीनं पाण्याचा वास घेतला, कान मागं पाडले आणि पाय रोवले.

"चाल वो माय, काहून अडून राह्यली?"

पाखरी हलेना. गोजराबाईनं ओढलं, गोंजारलं, शिव्या दिल्या, पुढं भाकरी धरली. ऊन चढलं. पाठीवरची कोकरं भुकेनं ओरडू लागली; त्यांच्या आया पलीकडं. शेवटी तिनं घोडीला बाभळीला बांधलं, कोकरं पदरात घेऊन पाण्यातून पलीकडं नेली, पाजली, आणि सामान न्यायला परत आली.

देवमन मागोमाग आला तो काठी घेऊनच. पहिल्या फटक्याला पाखरी हिसका देऊन मागं सरली. दुसऱ्याला चिखलात गुडघ्यांवर बसली. तिसरी काठी पडायच्या आधी गोजराबाई मधे उभी राहिली.

"मारता का मले? मारा."

देवमननं काठी खाली केली. तो मारकुटा माणूस नव्हता; दमला होता. "हिच्यापायी इथं राह्यलो त मेंढरं कोन पाह्यन? सोडून दे तिले, अन चाल."

"सोडून कुठं जाईन ते? तिले धड दिसत नाई."

"मंग तू बी बस तिच्यासंगं," म्हणून तो निघून गेला.

ती बसली. एका अंगाला भिंत, समोर पाणी, मागं पालकाचा मळा. मळेवाला चंपत बांधावरून ओरडत आला, "बाई, घोडी माह्या पालकात घुसन! इथून उठवा." तिनं घोडीकडं बोट दाखवलं. चिखलात बसलेलं ते जनावर पाहून त्याचा आवाज उतरला. त्यानं पिवळा पडलेला पालक काढून टोपलंभर आणून टाकला आणि दोराचं दुसरं टोक धरून घोडीला उठवायला हातभार लावला. पण वाट काही त्याच्याकडंही नव्हती. "दुसरा बोगदा हाये खाली," तो म्हणाला, "पण तिथं याच्याहून जास्त पाणी हाये."

रात्र तिनं बांधावर काढली. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता, देवमनच्या खोकण्याचाही. हाक मारली तर ऐकू गेली असती. तिनं मारली नाही.

सकाळी पवनची पिकअप आली; देवमननं फोन केला होता. चंपतनं फळ्या लावून दिल्या. घोडी एकदाची चढली, आणि ती पडू नये म्हणून गोजराबाई मागं तिच्या गळ्यात हात घालून उभी राहिली. मनातून ती हरखली होती. वळसा पडेल, पण दुपारपर्यंत बिऱ्हाडात पोचू, देवमनला गरम भाकरी घालू.

फाट्यावर गाडी उजवीकडं वळायची ती डावीकडं वळली. किन्हीराजाच्या बाजूला.

"पवन! अरे, इकडं कुठं?" तिनं टपावर हात आपटले. पवननं काच वर केली होती. घोडीला सोडून तिला वाकताही येईना.

घरापुढं उतरल्यावर पवन तिच्याकडं न पाहता म्हणाला, "बाबानंच सांगतलं, माय. घोडी घरी, अन तू बी घरी. किती दिवस चालशीन?"

गोजराबाईनं पाखरीला अंगणातल्या खुंट्याला बांधलं. तिच्या जागी देवमनबरोबर त्याचा पुतण्या गेला, सामान वाहायला महिन्यातून दोनदा पवनची गाडी. एवढ्या वर्षांचं तिचं काम इतक्या सहज भागलं, हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

घरात दोन खोल्या, वर टिनपत्रे. सून उज्ज्वला जिवाला जीव देणारी. पंखा तिच्याकडं वळवायची, गरम वाढायची. पण भिंतीकडं तोंड करून झोपलं की गोजराबाईचा जीव घाबरा व्हायचा. ती अंगणात, पाखरीच्या खुंट्यापाशी अंथरूण टाकू लागली.

"आत्याबाई, आत या ना. लोकं मले बोलतात, सासूले बाहीर झोपवते म्हनून."

"बोलू दे. मले आत दम कोंडते."

देवमन संध्याकाळी फोन करायचा. ती जेवलात का विचारायची, मग आज बिऱ्हाड कुठं पडलं, पाणी जवळ आहे का, चुलीला आडोसा आहे का. तो उत्तरं द्यायचा. "मले न्या" हे मात्र तिच्या ओठांवर येऊन परत जायचं. नेलं तरी पाखरीचं कोण करणार? उज्ज्वला घोडीला भ्यायची. गोजराबाई गावच्या ओढ्यापर्यंत गेली तरी पाखरी खुंट्याला हिसके द्यायची, दोर मानेत रुतेपर्यंत.

एकदा चैतात देवमन एका दिवसासाठी आला. जेवला, पाखरीच्या पाठीवरून हात फिरवला. "बरी दिसते. पुढच्या साली बी गाडीच लावू."

"अन मी?"

"तू हाये ना इथं, तिले पाह्यले."

तो उजाडायच्या आत गेला. गोजराबाईनं बादली भरली आणि पाखरीपुढं धरली. घोडी सावकाश, तोंड बुडवून पीत राहिली, आणि बादली हलू नये म्हणून गोजराबाई दोन्ही हातांनी ती धरून वाकून उभी राहिली.