तीसच्या पुढचं अक्षर

"आकडा झाला. पुढचं बी वाच." चष्मा कपाळावर सरकवून मॅडम असं म्हणाल्या की मी प्रोग्रामची ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

त्या पॉलिटेक्निकमधून निवृत्त होऊन आदिलाबादच्या आमच्या छोट्या कारखान्यात प्रोग्राम तपासायला येऊ लागल्या होत्या. आम्ही शेतातल्या मोटरींना लावायची पेटी बनवत होतो. शेतकऱ्याने घरबसल्या मोबाइलवरून 'दोन घंटे' किंवा '45 मिनिट' असा मेसेज पाठवायचा आणि पेटीने तेवढा वेळ मोटर चालवायची. मेसेजमधून वेळ वेगळा काढणारा, सी या संगणकाच्या भाषेतला प्रोग्राम माझ्याकडे होता. लोक नुसतंच '2' लिहायचे, म्हणून पुढचा शब्द ओळखता आला नाही तर घंटे समजायचे, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मॅडम माणसांचंही असंच शेवटपर्यंत ऐकायच्या. कोणी अर्धवट बोलून थांबलं तर चहा निवेपर्यंत वाट बघायच्या. आमचे मालक एकदा वैतागून म्हणाले, की मॅडमशी फोनवर बोलताना आपल्याला जे सांगायचं नसतं तेही सांगून होतं.

एका सोमवारी त्या डोळे तपासायला गेल्या होत्या. पेट्या पाठवायची घाई होती. त्यांनी न वाचलेला प्रोग्राम मी तसाच पेट्यांत भरला.

आठवडाभरात भीमपूरकडच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याचा फोन आला. नातलगाच्या साखरपुड्याला निर्मल गावी जाताना त्याने '30 m' असा मेसेज पाठवला होता. m म्हणजे मिनिटं, हे कोणालाही कळलं असतं. माझ्या प्रोग्रामला फक्त 'min' माहीत होतं. त्याने तीस घेतले, m सोडून दिलं आणि घंटे धरले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परतला तेव्हा मोटर चालूच होती. मोटरीने नदीतून ओढलेलं पाणी वांग्याच्या वाफ्यांत गुडघाभर साचलं होतं.

मॅडम मला घेऊन बसने तिथे गेल्या. शेतकरी बांधावर बसून होता, आमच्याकडे बघतही नव्हता. त्याची बायको कुजलेलं रोप हातात घेऊन उभी होती. मी तोंड उघडायच्या आत मॅडम पुढे झाल्या.

"चूक माही आहे, भाऊ. तपासाचं काम माहं होतं."

त्याने पहिल्यांदा आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमी त बराबर लिवलं होतं, बाई."

"हो. तुमी बराबरच लिवलं होतं."

दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर आम्ही पुन्हा गेलो. मॅडमचा धाकटा भाऊ आदिलाबादजवळच भाजी पिकवतो. त्याच्या वाफ्यातली वांग्याची रोपं त्यांनी टोपल्यांत भरून आणली होती. पदर खोचून त्या शेतकऱ्याच्या बायकोशेजारी चिखलात बसल्या. इतकी वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या या बाईंचा हात रोप लावताना माझ्या तिप्पट वेगाने चालत होता. लावता लावता तिला विचारत होत्या, तुम्ही घरात वेळ कसा सांगता? ती सांगत गेली, मी वहीत लिहीत गेले. अर्दा घंटा. पाऊण घंटा. दीड. अडीच. चाय होईस्तोवर.

चाय होईस्तोवर हे सीमध्ये कसं बसवायचं, असं मी विचारलं.

"नाई बसत," मॅडम म्हणाल्या. "जे नाई समजत ते इचाराचं. अंदाज नाई कराचा."

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. चूक तर माझी होती, मग तुम्ही तुमची का म्हणालात, असं मी विचारलं.

"त्याले नाव कळून काय होते? तुले कळलं ना, बस."

त्यानंतरच्या पेट्यांना आम्ही दीड, अडीच, m, सगळं शिकवलं. न कळणारा मेसेज आला तर मोटर सुरूच व्हायची नाही. पेटी उलट मेसेज पाठवून विचारायची: 'तीस काय? मिनिटं का घंटे?' ही वाक्यं मॅडमनी स्वतः लिहिली. एका म्हाताऱ्याने पेटीला उत्तर पाठवलं होतं, 'घंटे, माय.' ते वाचून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

पुढे त्यांची नजर अधू झाली. भाऊ मोटारसायकलवरून आणून सोडायचा, संध्याकाळी न्यायला यायचा. मी प्रोग्राम मोठ्याने वाचायचे आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. कंस चुकला तरी त्यांना कळायचं.

गेल्या फाल्गुनात एका दुपारी वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, त्यांना झोप लागली आहे. मान एका बाजूला कलली होती, चष्मा मांडीवर होता. मी पंखा हळू केला आणि बाहेर पायरीवर येऊन बसले. त्या दिवसानंतर त्या कारखान्यात आल्या नाहीत. पंधरा दिवसांत गेल्या.

त्यांना झोप लागली त्या दुपारी भाऊ लवकर आला होता. त्याने दारातून आत पाहिलं. "झोपू दे तिले," म्हणाला, आणि चपला काढून माझ्याशेजारी बसला. मग आम्ही दोघं रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाड्या बघत राहिलो, मॅडम जाग्या होईपर्यंत.